न मोजलेला हात

रास अल खैमात तेव्हा मराठी घरं असतील पंचवीस-तीस. त्यांत चेक भाषा येणारं माणूस एकच, ते म्हणजे मनोरमा. टाइल्सच्या कारखान्यात ग्लेझिंग बघणाऱ्या विलासची बायको. ऑर्डरप्रमाणे पुरणपोळ्या आणि मोदक करून द्यायची, शुक्रवारी मुलांना मराठी शिकवायची, आणि कोणी गमतीनं विचारलं की चेकमध्ये एकापासून शंभरापर्यंत धडाधड आकडे म्हणून दाखवायची. लोक हसायचे. तीही हसायची.

ही भाषा तिच्या पदरात पडली ती सिनेमामुळे. १९७६ साली विलासला सिरॅमिक्स शिकायला स्कॉलरशिप मिळाली आणि लग्नाला चार महिने झालेली मनोरमा सांगलीहून थेट चेकोस्लोव्हाकियातल्या कारखान्यांच्या एका लहान गावात जाऊन पडली. नवरा दिवसभर भट्टीपाशी. बाहेर गुडघाभर बर्फ. शेजारणी बोलायच्या ते ओ की ठो कळत नव्हतं. समोरच्या इमारतीत एक सिनेमागृह होतं आणि मुख्य म्हणजे ते गरम असायचं. ती दुपारच्या खेळाला जाऊन बसू लागली.

तिथल्या ऑपरेटरचं नाव होतं पान व्होंड्रा. पान म्हणजे आपल्याकडचे श्रीयुत. साठीचा, बुटका, मिशाळ माणूस. साडी नेसलेली पोरगी रोज एकाच खुर्चीवर येऊन बसते आणि कुठेच हसत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. एकदा खेळ संपल्यावर तो खाली उतरला आणि हातवारे करत त्यानं तिला समजावून सांगितलं की नायक आताच काय बोलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असं करत करत दोन हिवाळ्यांत मनोरमा चेक बोलायला लागली, आणि नुसती भाषा नाही, तर लोक कुठे हसतात तेही तिला कळायला लागलं. ते मोठं चमत्कारिक होतं. पडद्यावर विनोद झाला की थिएटर गप्प असायचं, आणि कुणी अगदी साधं, सरकारी छापाचं वाक्य बोललं की शेवटच्या रांगेपर्यंत खसखस पिकायची.

तिनं व्होंड्राला याचं कारण विचारलं. तेव्हा गावात एका हट्टी गाढवाचा सिनेमा चालू होता. तो म्हणाला, "पोस्टरवर लिहिलंय की हा गाढवाचा सिनेमा आहे. इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की तो गाढवाचा नाही. ज्या साहेबानं पास केला त्यालाही माहीत आहे. पण तसं म्हणायचं तर आधी गाढव कोण ते त्याला सांगावं लागेल."

व्होंड्राचा सगळ्यात लाडका सिनेमा मात्र तिला बघायला मिळाला नाही. तो सरकारनं कुलपात घातला होता. व्होंड्रानं तो पूर्वी एकदाच दाखवला होता आणि त्याला फ्रेम न् फ्रेम पाठ होती. मशीनच्या खोलीत चहा पिताना त्यानं तो तिला सगळा सांगितला, आवाज बदलून, शिंका काढून. शिक्षण आणि मग तिथल्याच कारखान्यातली नोकरी संपवून १९८४ मध्ये विलास आणि मनोरमा भारतात परतले, तिथून दोन वर्षांनी रास अल खैमाला आले, आणि तो सिनेमा फक्त तिच्या डोक्यात राहिला.

मग १९९६ साली विलासच्या कंपनीनं नवीन भट्टी घेतली आणि ती बसवायला पान हाव्रानेक नावाचा चेक इंजिनिअर आला. विलासनं त्याला घरी जेवायला आणलं. दार उघडून मनोरमानं त्याला तिच्या काळात दारोदार म्हटलं जायचं तेच अभिवादन केलं, "कामाला मान असो." बिचारा दारातच थबकला आणि मग भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. कम्युनिस्टांचं राज्य जाऊन सात वर्षं झाली होती आणि तेव्हापासून हे वाक्य त्याच्या कानावर पडलं नव्हतं. ते ऐकायला मला वाळवंटात यावं लागलं, असं तो म्हणाला आणि आमटी दोनदा मागून घेतली. जेवताना मनोरमानं त्याला कुलपातल्या सिनेमाचं विचारलं. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा बॅगेत सहा व्हिडिओ कॅसेट होत्या. जुनी कपाटं उघडली होती, आता दुकानात मिळतात, म्हणाला. त्यांतली चौथी कॅसेट त्या सिनेमाची होती.

मनोरमानं ती एकटीनं बघितली. पहिल्या दहा मिनिटांत तिला कळलं की व्होंड्रानं सांगताना काही म्हणजे काही गाळलं नव्हतं. फक्त शिंका तो पडद्यावरच्या नटापेक्षा चांगल्या काढायचा.

शुक्रवारच्या दुपारी मराठी मंडळी कोणाच्या तरी फ्लॅटवर जमायची. खाणं, गप्पा, एखादी कॅसेट. आणलेल्या सगळ्या मराठी कॅसेट बघून बघून घासल्या होत्या. तेव्हा हनीफनं सुचवलं, "वहिनी, तुमचा तो चेक सिनेमा लावू की. तुम्ही सांगत जा, आम्ही बघत जातो."

हनीफ श्रीवर्धनचा. शहरातल्या नखील भागात त्याचं टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान होतं. मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला लाइट, माइक, वायरिंग त्याचंच. स्क्रू-ड्रायव्हर खिशात घेऊनच तो जन्माला आला असावा, असं विलास म्हणायचा. मनोरमा टीव्हीच्या बाजूला खुर्ची टाकून बसायची आणि पात्रांचे संवाद मराठीतून बोलायची. ती मागे पडली की बोट वर करायची आणि हनीफ रिमोटनं चित्र थांबवायचा. नायिका तोंड उघडं टाकून पडद्यावर ताटकळायची, मनोरमा वाक्य पूर्ण करायची आणि मग यल्ला, पुढे. मनोरमाची मुलगी ऋता बारा-तेरा वर्षांची होती. तिला हे फार एम्बॅरसिंग वाटायचं. "आई, यू आर डबिंग अ होल कंट्री," म्हणायची, आणि तरी पुढे बसायची.

मात्र कुठलीही गोष्ट मंडळात व्हायची तर आधी राजाभाऊंना विचारावं लागे. राजाभाऊ अध्यक्ष. गेली आठ वर्षं तेच. त्यांचा कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा होता आणि मंडळातली निम्मी माणसं या ना त्या वाटेनं त्यांच्याकडे कामाला होती. पण नुसतं तेवढंच नव्हतं. १९७९ साली ते साधे सुपरवायझर म्हणून आले तेव्हा इथे आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं. कोणाचा व्हिसा अडकला, कोणाला हॉस्पिटलात टाकलं, कोणी इथेच गेला आणि त्याला गावी पोचवायचं असलं, तर राजाभाऊ गाडी काढत. त्यांचे उपकार नाहीत असं घर नव्हतं. त्यामुळे ते म्हणाले भजी खमंग झालीत, की भजी खमंग. ते म्हणाले आज उकडत नाही, की लोक घाम पुसत माना डोलवत.

राजाभाऊंनी मनोरमाला फोन केला. सिनेमात राजकारण तर नाही ना, आपण परक्या मुलखात राहतो, असं काळजीनं विचारलं.

"नाही हो. हवामान आहे," मनोरमा म्हणाली.

तरी ते खात्री करायला शुक्रवारच्या आदल्या दिवशी येऊन बसले. कुलपातला तो सिनेमा असा: एका गावाला उत्तम हवेचं सरकारी बक्षीस हवं असतं. म्हणून चेअरमन रोज सकाळी चौकातल्या भोंग्यावरून सांगतो की आज ऊन पडलं आहे. बाहेर तीन आठवडे पाऊस. लोक छत्र्या मिटून काखेत मारतात आणि निथळत हिंडतात. एकमेकांना म्हणतात, काय सुरेख ऊन. बँडवाला आपल्या मोठ्या पिपाणीतलं पाणी ओततो आणि पुन्हा वाजवतो. एक धोबीण तेवढी कपडे वाळत घालत नाही. तपासायला माणसं येतात, का नाही घालत विचारतात. ती म्हणते, वाळत नाहीत. बस, एवढंच. भाषण नाही, निषेध नाही. मग तिच्या दोरीवर टाकायला शेजारच्या गावाहून गाडी भरून कोरडे कपडे आणतात, आणि ते भिजतात. शेवटी चेअरमनला अशी सर्दी होते की भोंग्यावरून सगळ्या गावाला फक्त शिंका ऐकू येतात.

राजाभाऊ मांडीवर थाप मारून मारून हसले. धोबिणीचं काम करणारी बाई फार गुणी आहे म्हणाले. सिनेमा पास झाला. शुक्रवारी तेवीस माणसांनी तो बघितला आणि सगळी हसली, जिथे राजाभाऊ हसले तिथे जरा जास्तच. पिपाणीचं दृश्य हनीफला दोनदा मागे घ्यावं लागलं. मनोरमाला वाटलं, व्होंड्राला हे सांगायला हवं.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. घोटाळा झाला तो १९९८ च्या गणपतीत.

गणपतीला दरवर्षी राजाभाऊंचं नाटक असे. लेखक तेच, दिग्दर्शक तेच, नायकही तेच. नाटक वाईट नसे, लांब असे. त्या वर्षी ते वृद्ध सेनापती झाले होते आणि शेवटच्या अंकात धारातीर्थी पडत होते. पडायला अकरा मिनिटं लागत. सेनापती कोसळे, उठे, मातृभूमीला हाक मारी, पुन्हा कोसळे. तिसऱ्यांदा कोसळल्यावर बराच वेळ हालचाल झाली नाही, तेव्हा लाइटवर बसलेल्या हनीफला वाटलं की खलास, गेले. त्यानं दिवा घालवला. काळोख झाला आणि हॉलमध्ये असा टाळ्यांचा कडकडाट झाला की नऊ वर्षांत तेवढा झाला नसेल. कोणीतरी शिट्टीसुद्धा मारली. त्या टाळ्यांत काळोखातून सेनापतींचा आवाज येत होता, "थांबा, अजून संदेश बाकी आहे." हनीफनं घाबरून दिवा लावला. राजाभाऊ एका कोपरावर उठलेले आणि समोर प्रेक्षक अर्धे उभे राहून चपला शोधताहेत. हनीफला हसू आवरलं नाही. माइक चालूच होता.

पुढच्या शुक्रवारी कमिटीची मीटिंग राजाभाऊंच्या घरी भरली. मनोरमा आणि विलास दोघंही अकरा जणांच्या कमिटीत होते. हनीफ नव्हता, तो नुसता कामाला असे. राजाभाऊ शांतपणे बोलले. म्हणाले, हा माझा वैयक्तिक प्रश्न नाही, मंडळाच्या शिस्तीचा आहे. यापुढे लाइट-साउंडचं काम एका शारजाच्या कंपनीला द्यावं, आणि शुक्रवारची व्हिडिओची जबाबदारीही हनीफकडून काढून घ्यावी. त्यानं नाटक मुद्दाम पाडलं, असा ठराव सेक्रेटरीनं वाचून दाखवला. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत.

 एकेक हात वर गेला. हनीफनं ज्यांचे फ्रिज फुकट दुरुस्त केले होते त्यांचे हात, ज्यांनी शिट्टी मारली होती त्यांचा हात. विलासचा हात कोपरापर्यंत गेला, जरा रेंगाळला आणि पूर्ण वर गेला. मनोरमाचे दोन्ही हात मांडीवर होते.  तिनं खाली बघितलं आणि ते तिथेच राहू दिले.

सेक्रेटरी मोजताना दहावर थांबला. राजाभाऊंनी तिच्याकडे बघितलं. ते रागावले नव्हते, त्यांना खरंच कळलं नव्हतं. "वहिनी?" ते म्हणाले.

मनोरमाला भाषण करायचं नव्हतं. पण सगळे बघत होते, म्हणून तिनं जे कधी विलासलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. १९७८ साली त्या गावात त्यांच्या इमारतीतल्या भाडेकरूंची सभा झाली होती. व्होंड्राही त्याच इमारतीत राहायचा. व्होंड्रानं एक बंद केलेला सिनेमा चार मित्रांना चोरून दाखवला, असं कोणीतरी कळवलं होतं. त्याला ऑपरेटरच्या कामावरून काढून बॉयलरवर घालावं, असं पत्र इमारतीतर्फे जाणार होतं. हात वर करा म्हणाले. सगळ्यांनी केले. विलास त्या दिवशी कारखान्यात होता. तिला वाटलं, आपण नाही केला तर याची स्कॉलरशिप जाईल. तिनं वर केला. व्होंड्रा समोरच्याच बाकावर बसला होता.

"दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले," मनोरमा म्हणाली. "मला वाटलं बोलणार नाहीत. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, बाई, तुम्ही उगाच त्रास घेतलात. परदेशी माणसांचे हात ते मोजतच नाहीत."

सेक्रेटरीनं पेन खाली ठेवलं.

"राजाभाऊ, हनीफनं दिवा लवकर घालवला, हे खरं आहे. मुद्दाम घालवला, हे मला खरं वाटत नाही. म्हणून माझा हात नाही. एवढंच आहे," ती म्हणाली.

ठराव दहा विरुद्ध एक असा पास झाला.  गाडीत विलास म्हणाला की मला त्या सभेचं कधीच का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, तुमच्यासाठी वर केला होता, तर तुम्हाला सांगून काय करायचं होतं.  घरी आल्यावर त्यानं न सांगता चहा टाकला.

पुढचे चार दिवस मनोरमाच्या मोदकांच्या दोन ऑर्डर कॅन्सल झाल्या आणि मराठीच्या वर्गाला पाच मुलांना एकदम ताप आला. हनीफला बातमी कळली होती. तो दुकानातून फोन करून म्हणाला, वहिनी, माझ्यापायी तुम्ही कशाला वाईट झालात, मी हसलो होतो हे तर खरंच आहे. ती म्हणाली, मीही हसले होते, फक्त माझ्यासमोर माइक नव्हता.

पाचव्या दिवशी संध्याकाळी राजाभाऊ स्वतः आले. एकटे. पाणी प्यायले, ऋताच्या अभ्यासाची चौकशी केली. मग म्हणाले की तो छत्र्यांचा सिनेमा परत लावता का. हनीफ नव्हता, रिमोट मनोरमाच्याच हातात होता. या वेळी ते हसले नाहीत. तिनं संवाद सांगायला सुरुवात केली तेव्हा हातानंच राहू दे म्हणाले. गोष्ट आता माहीत होती. चेअरमन भोंग्यावर बोलत होता, लोक छत्र्या मिटत होते. राजाभाऊ गुडघ्यावर हात ठेवून बघत राहिले.

संपल्यावर त्यांनी विचारलं, "नाटक कंटाळवाणं होतं का?"

मनोरमाला नऊ वर्षांची नाटकं आठवली. दरवर्षी पडदा पडल्यावर ती आत जाऊन "छान झालं हं राजाभाऊ" म्हणत होती. दरवर्षी. त्या धोबिणीचं कौतुक करायला तिला काय अधिकार होता, असं तिला वाटलं.

"शेवटचा अंक होता," ती म्हणाली. "मरायला फार वेळ लागतो तुम्हाला. आणि हे मी आधीच सांगायला हवं होतं. तीन नाटकांपूर्वी."

"तीन?"

"चार."

राजाभाऊंनी मान हलवली. ते दुखावले होते, ते दिसत होतं. चेहऱ्यावरून लपवता येण्याइतके चांगले नट ते नव्हते. दारात चपला घालताना म्हणाले, "मला कोणी बोललं नाही हो." मनोरमाला त्यांची दया आली. ज्या माणसानं मध्यरात्री उठून लोकांना हॉस्पिटलात नेलं होतं, त्याला एक खरं वाक्य सांगायला कोणी उठलं नव्हतं.

सिनेमात दाखवतात तसं एकदम काही बदललं नाही. राजाभाऊंनी हनीफची माफी मागितली नाही. ठरावही मागे घेतला नाही. फक्त पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी त्यांची व्हॅन हनीफच्या दुकानासमोर उभी राहिली आणि ड्रायव्हर म्हणाला, साहेबांनी लाइट आणायला सांगितलंय. हनीफनं कुठल्या साहेबांनी, असंही विचारलं नाही, सामान चढवलं आणि शेजारी बसला. शारजाच्या कंपनीचं नाव पुन्हा निघालं नाही. त्या वर्षी राजाभाऊ एक म्हातारे शाळामास्तर झाले होते आणि चार मिनिटांत गेले. टाळ्या बऱ्या पडल्या. नंतर सेक्रेटरी आत जाऊन घाबरत घाबरत म्हणाला की दुसरा अंक थोडा सैल आहे. राजाभाऊ म्हणाले, लिहून द्या.

मोदकांच्या ऑर्डरी परत आल्या. मुलांचे ताप उतरले. हाव्रानेक शेवटचा येऊन गेला तेव्हा मनोरमानं त्याच्याजवळ व्होंड्राच्या जुन्या पत्त्यावर एक पत्र दिलं. तीन महिन्यांनी व्होंड्राच्या मुलीचं उत्तर आलं. वडील १९९१ मध्ये गेले, पण त्याआधी एक वर्ष त्यांना पुन्हा मशीनवर बसवलं होतं, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी छत्र्यांचा सिनेमा लावला. हॉल भरला होता. भारतातल्या बाईची ते आठवण काढायचे, असं तिनं लिहिलं होतं, ती थिएटरात यायची ते ऊब मिळावी म्हणून, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मनोरमानं ते पत्र विलासला मराठीत वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला विलासनं खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं.

२००१ साली राजाभाऊंनी तब्येतीचं कारण सांगून अध्यक्षपद सोडलं आणि स्वतःच मनोरमाचं नाव सुचवलं. तिनं आल्या आल्या एकच बदल केला: मीटिंगमध्ये हात वर करणं बंद, चिठ्ठ्या टाकायच्या. काही जण कुरकुरले की आता कोण काय म्हणतो ते कळणार कसं. ती म्हणाली, तेच तर.

पहिली चिठ्ठी तिच्याच प्रस्तावावर पडली. वार्षिक संमेलनात मोठ्या पडद्यावर एक चेक सिनेमा दाखवावा, ती पूर्वीसारखी मराठीतून सांगेल, असं तिचं म्हणणं होतं. चर्चा झाली तेव्हा सगळे म्हणाले, वा, फारच सुंदर कल्पना. मग चिठ्ठ्या पडल्या. सेक्रेटरीनं स्टीलचा डबा उपडा केला आणि मोजल्या. बाजूनं दोन. विरुद्ध नऊ.

मनोरमानं चिठ्ठ्या एकेक करून बघितल्या. बहुतेकांनी नुसतं नाही लिहिलं होतं. एकानं कारणही दिलं होतं: सारखं थांबवून थांबवून बघायला कंटाळा येतो. तिरकं, बारीक, ग्लेझिंगच्या रजिस्टरमधलं ते अक्षर तिनं पंचवीस वर्षं पाहिलं होतं. तिनं मान वर करून विलासकडे बघितलं. तो अतिशय लक्षपूर्वक छताचा पंखा बघत होता.

मनोरमा इतकी हसली की तिला पाणी आणून द्यावं लागलं. मग तिनं डोळे पुसले आणि पुढचा विषय घेतला.